निर्वासित, शरणार्थी की आश्रयार्थी?

बोरूबहाद्दर: एका लेखाचा अनुवाद चाललाय. विषय: लोकशाही देशांची निर्वासितांबद्दलची नैतिक जबाबदारी. 'रेफ्युजी' आणि 'असायलम सीकर' पानोपानी शेजारी शेजारी येतात. पहिल्याला 'निर्वासित' लिहिलंय. दुसऱ्यासाठी हिंदीतला 'शरणार्थी' उचलू का?

शब्दवेडी: चुकीचा नाही, पण मला खटकतो. संस्कृतात 'शरण' म्हणजे आसरा, घरसुद्धा. मराठीत मात्र 'शरण येणे' म्हटलं की आधी हार आठवते. 'नक्षलवादी पोलिसांना शरण' ही बातमी घ्या. त्यामुळे शरणार्थी म्हणजे हात जोडून उभा असलेला माणूस वाटतो. 'निर्वासित'मध्ये ती लाचारी नाही. त्याला कुणीतरी हाकललंय, एवढंच तो शब्द सांगतो. दार कुणी उघडायचं, याबद्दल मात्र गप्प! 'आश्रयार्थी' लिहून बघा. विद्यार्थ्यातला 'अर्थी' तोच, मागणारा.

कॅम्प नंबर चार: आमचे आजोबा फाळणीनंतर कराचीहून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्यांना 'निर्वासित' म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. 'मी इथं दुकान टाकलंय, अजून कसला निर्वासित?' दिल्लीकडच्या फाळणीग्रस्तांनीही 'शरणार्थी' नको, 'पुरुषार्थी' म्हणा, असा आग्रह धरला होता.

बोरूबहाद्दर: पण ते तर नागरिकच झाले ना? माझ्या लेखातले लोक परके आहेत.

पंचगंगाकाठ: परक्यांचंच उदाहरण हवं तर आमचं वळिवडे घ्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बरीचशी बायका-मुलं, सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेली. तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य आणि कोल्हापूर संस्थान. लोकशाहीचा पत्ता नाही! आणि १९३९ मध्ये ९३७ प्रवाशांचं 'सेंट लुई' जहाज, जवळजवळ सगळे ज्यू, अमेरिकेने आणि कॅनडाने उतरू दिलं नाही. युरोपात परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. हे लेखात नसेल तर तळटीप टाकाच.

काळा कोट: कायद्याच्या बाजूने थोडं. १९५१ च्या निर्वासित कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यापायी छळ होईल अशी रास्त भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. म्हणून कोयनेचे धरणग्रस्त निर्वासित नव्हेत, विस्थापित. ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचाय तो आश्रयार्थी. पण मेख अशी की मान्यतेने कुणी निर्वासित 'होत' नाही. तो आधीच असतो, मान्यता ते फक्त जाहीर करते. म्हणून निकालाआधीच त्याला छळाच्या दारात परत धाडायचं नाही, हे कलम ३३.

भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरी १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या (पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आधार घेऊन त्यांना संरक्षण दिलं. त्या कलमात शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. शब्दचर्चेत हे यायलाच हवं.

चहाटळ: आणि 'घुसखोर'? हल्ली तर सगळ्यांना तोच एक शब्द लावतात.

शब्दवेडी: तो निकाल आधीच लावून टाकणारा शब्द. बिभीषण आला तेव्हा सुग्रीवही म्हणाला होता की हा हेर असणार, मारून टाका. रामाने ऐकलं सगळ्यांचं, पण आसरा दिला. चौकशी आणि हाकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाल्मीकींनाही ठाऊक होतं.

बोरूबहाद्दर: 'आश्रयार्थी' पक्का. आता शीर्षक: 'जबाबदारी' की 'कर्तव्य'?

काळा कोट: जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येते. युरोपात डब्लिन नियमाने बहुतेकदा पहिल्या लागलेल्या देशाच्या गळ्यात अर्ज पडतो, म्हणून इटली आणि ग्रीस वर्षानुवर्षे कुरकुरतात. त्या परिच्छेदात 'जबाबदारी' ठेवा, शीर्षकात 'कर्तव्य'.

चहाटळ: आणि 'नैतिक'ला काही हात लावू नका, तो आधीच बिचारा निर्वासित आहे.