मदत हवी आहे: 14 फुटी नावेसाठी 8 एचपीचं इंजिन घ्यावं की 9.9चं?

नागपूरला राहतो. कुही तालुक्यात अंभोऱ्याजवळ, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासेमारीसाठी आमची 14 फुटी फायबरची नाव आहे. दोन माणसं, जाळी आणि बर्फाची पेटी मिळून साधारण 250 किलो वजन होतं.

सध्याचं इंजिन 8 एचपीचं टू-स्ट्रोक, जुनं. मागच्या महिन्यात इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बाजूने पडणारी धार करंगळीएवढी होती ती थेंबांवर आली आणि इंजिन तापून बंद पडलं. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) बदलला, थर्मोस्टॅट काढून साफ केला, कार्ब्युरेटर उघडला, प्लग नवे टाकले. धार सुधारली, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरंच कमी भरतंय. त्यामुळे यावर आणखी खर्च करायचा नाही, हे नक्की ठरलंय.

आता फोर-स्ट्रोक घ्यायचंय. नावेच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन लटकतं तिची उंची 15 इंच, म्हणजे शॉर्ट शाफ्टच (आखूड दांड्याचं इंजिन) लागेल. जुनं इंजिन मी एकटा उचलून गाडीत ठेवायचो. फोर-स्ट्रोक 40 किलोच्या आसपास जातं, तेवढं ही फळी पेलेल का याची काळजी आहे. बहुतेक कंपन्यांचं 8 आणि 9.9 एकाच ब्लॉकवर असल्याने वजनात फरक नाही. इलेक्ट्रिक नको, काठावर चार्जिंगची सोय नाही.

मुख्य अडचण जलपर्णीची. पंख्याला गुंडाळते, इंजिनची पाणी ओढायची जाळीही बुजते.

जलपर्णीच्या पाण्यात फोर-स्ट्रोक वापरणाऱ्यांनी सांगावं: एवढ्या वजनाला 8 पुरतं का, की 9.9च घ्यावं? आणि नागपूर-भंडारा भागात त्याचे सुटे भाग कुठे मिळतात?