भिंतीची ओल परत आली, हमीचा कागद नाही. काय करू?

ओलाचिंब:
नमस्कार मंडळी. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीला ओल चढायची म्हणून ३ वर्षांपूर्वी केमिकल इंजेक्शन करून घेतलं. जोत्याच्या वर ओळीने भोकं पाडून ओल अडवणारं क्रीम भरलं, आतून नवा गिलावा, रंग. दोन वर्षं भिंत ठणठणीत कोरडी. आता पुन्हा गुडघ्याच्या वरपर्यंत पोपडे आणि पांढरा लोणा. ठेकेदार फोन उचलतो, पण म्हणतो, "१० वर्षांची हमी ना? कागद दाखवा." अहो, कागद त्यानेच द्यायचा होता! "काम संपलं की पाठवतो" म्हणाला, मीही मागे लागलो नाही. बजेट एका पगाराच्या आत. पूर्ण भिंत फोडायला सांगू नका.

तिरपागडा:
कंबरेपर्यंत टाइल्स लावा. विषय संपला. आमच्याकडे ६ वर्षं झाली, एक पोपडा नाही.

कोरडेपाषाण:
विषय संपत नाही, वर सरकतो. पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ते टाइल्सच्या वरच्या कडेने निघतं. आम्ही असं करून ओल कंबरेपासून खांद्यापर्यंत नेली. स्वतःच्या पैशाने.

आठवीब:
कागदाचं एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे आहे. शिक्का, सही, वरून लॅमिनेशन. ठेकेदाराने गाशा गुंडाळला, आता तो कागद दाखवू कोणाला? शिवाय मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की गिलावा, रंग यांना हमी नाही, आणि बाहेरच्या जमिनीची पातळी बदलली तर कशालाच नाही.

साधीसुधी:
कागद नाही म्हणजे पुरावाच नाही असं नसतं. पैसे बँकेतून दिले असतील तर ती नोंद काढा. जुने मेसेज चाळा, "१० वर्षं बघायला नको" असं काही त्याने लिहिलं असेल तर सोन्याहून पिवळं. आणि आता फोन बंद, जे बोलायचं ते लिहून: काम कधी झालं, काय ठरलं होतं, आजचे फोटो, अमुक तारखेपर्यंत येऊन बघा. तो बघून जाईपर्यंत पोपडे खरवडू नका, भोकं बुजवू नका.

ओलाचिंब:
अर्धे बँकेतून, अर्धे रोख. मेसेजमध्ये मी "हमी १० वर्षं ना?" विचारलंय, त्यावर त्याचा नुसता अंगठा आहे.

साधीसुधी:
अंगठा तर अंगठा. त्याचा फोटो काढून ठेवा.

वाळवंटी:
पण ओल जमिनीतूनच चढतेय हे कोणी ठरवलं? ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा, दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल आतून.

कोरडेपाषाण:
लोणा आलाय म्हणताहेत ना? वाफेच्या पाण्यात कुठले क्षार?

वाळवंटी:
क्षार जुनेच, भिंतीत मुरलेले. तेच हवेतला दमटपणा ओढून घेतात. म्हणून ओल मोजायचा मीटरही उगाच जास्त आकडा दाखवतो.

कोरडेपाषाण:
मीटरचं कोणी काढलं?

वाळवंटी:
मी. माझ्याकडे दोन आहेत.

निवांत:
आम्ही बाहेरून पायापर्यंत खणून पाणी अडवणारा जाड पडदा लावला, खाली पाझराचं पाणी न्यायला नळी टाकली. तुमच्या बजेटच्या सातपट गेले, पण भिंत बघत राहावी अशी झालीय. करायचं तर एकदाच करावं.

ओलाचिंब:
बजेट लिहिलंय हो वर.

निवांत:
वाचलं. तरी सांगतो.

चुनावाली:
बाहेरून भिंत कोणी बघितली का? भोकांची ओळ बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० मिमी, म्हणजे ६ इंच वर हवी. माती, फरशी, पायरी, काहीही त्या ओळीच्या वर आलं की पाणी तिथून भिंतीत शिरतं, मग क्रीम कितीही भारी असो. आतला नवा गिलावा थेट जमिनीला टेकवला असेल तरी तेच. हे बघायला पैसे पडत नाहीत. मग खराब गिलावा काढा, भिंत वाळू द्या, चुन्याचा गिलावा करा. वाळायला भिंतीच्या जाडीच्या दर २५ मिमीला ढोबळमानाने एक महिना धरतात. ९ इंची भिंत म्हणजे ९ महिने. घाई केलीत तर रंग परत फुगणार.

तिरपागडा:
९ महिने उघडी भिंत बघत बसायचं? टाइल्स दोन दिवसांत होतात.

आठवीब:
चुनावाली, +१. बाहेरच्या पातळीचं मी मघाशीच लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही.

ओलाचिंब:
आज बाहेर खुरप्याने उकरलं. भोकं सापडली, मातीच्या चार बोटं खाली. वाफा गेल्या वर्षी मीच केला, आईला फुलझाडं हवी होती. ठेकेदाराला लिहिलेला मोठा मेसेज तसाच पडून आहे. आता काय तोंडाने पाठवू?

चुनावाली:
वाफा भिंतीपासून लांब सरकवा, माती ओळीच्या ६ इंच खाली घ्या. आणि थांबा.

ओलाचिंब:
माती काढली. आई दोन दिवस बोलत नाहीये. पण ९ महिने थांबणं काही जमायचं नाही, पुढच्या महिन्यात घर पाहुण्यांनी भरणार आहे. टाइल्स लावतोय. सगळ्यांचे आभार.

कोरडेपाषाण:
खांद्यापर्यंत आली की हाच धागा वर काढा.

तिरपागडा:
मॅट घ्या. चकचकीतवर डाग दिसतात.