मदत हवी आहे: लोणार सरोवर व्हीआरमधे (आभासी वास्तव, म्हणजे तिथेच असल्यासारखं) दाखवायचंय

नमस्कार मंडळी, आमच्या आजीला लोणारला कमळजा देवीच्या दर्शनाला खाली विवरात उतरायचंय पण गुडघे साथ देत नाहीत, म्हणून चहूबाजूंचं टिपणाऱ्या ३६० अंश कॅमेऱ्याने काठावरून, गोमुखाच्या धारेपासून आणि दैत्यसूदन मंदिरातून शूट करून डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटवर दाखवायचा विचार आहे, नंतर गावातल्या शाळेतपण. बेसॉल्टमधे उल्केने पाडलेलं जवळपास १.८ किमी रुंदीचं विवर आहे हो, साध्या फोटोत ती खोली कळतच नाही! दैत्यसूदनच्या गाभाऱ्यात फार अंधार असतो, तिथे नॉइज (चित्रात दिसणारे दाणे) न येता कसं शूट करायचं? आणि अभयारण्य असल्याने परवानगी वनखात्याकडूनच घ्यायची ना? आजीला चक्कर येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.