आधी कुणाचं कार्ड लागू होतं?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाबद्दल नांदेडच्या दादांनी विचारलंय: मी समोरच्याच्या ग्रिझली बेअर्सवर (अस्वलाचं कार्ड) लाइटनिंग बोल्ट (३ डॅमेज देणारं कार्ड) टाकला, त्यानं लगेच त्याच अस्वलावर जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३ देणारं कार्ड) टाकला, मग अस्वल मेलं का? वरच्या एका उत्तरात कुणीतरी ‘ज्यानं आधी टाकलं त्याचं आधी’ असं लिहिलंय. ते उलटं आहे. मॅजिकमध्ये हिशोब भाकरीच्या टोपलीचा: शेवटी टाकलेली भाकरी वर, तीच आधी ताटात. म्हणजे आधी ग्रोथ लागू, २/२ चं (ताकद २, सहनशक्ती २) अस्वल ५/५ होतं, मग बोल्टचे ३ बसतात. अस्वल जिवंत.

आता क्रम फिरवा. त्यानं आधी ग्रोथ टाकला अन् तो लागू व्हायच्या आत तुम्ही बोल्ट मारला, तर अस्वल आधीच खलास. ग्रोथला टार्गेटच उरत नाही, कार्ड वाया. म्हणून मी तर हातातला बोल्ट दाबूनच बसतो.

आमच्या लातूरच्या कट्ट्यावर पुढच्याच मुद्द्यावरनं चहा गार झाला होता: पहिल्या प्रकारात वाचलेल्या अस्वलावरचा ग्रोथ टर्न संपताना उतरला, ३ डॅमेज तर अंगावर आहेच, मग आता मरायला नको का? नाही. डॅमेज अन् ‘टर्न संपेपर्यंत’वाले परिणाम एकाच वेळी पुसले जातात.