ऑर्केस्ट्रासाठी बेस गिटार : जॅझ, पीजे का पाच तारांचा?

टिळकवाडीचा बेसवाला
नमस्कार मंडळी, बेस घ्यायचा म्हणालोय आणि डोकं चालेना झालंय. बेळगावात ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीचे मांडव, लग्नाची रिसेप्शनं, आजूबाजूच्या गावच्या जत्रा, मराठी हिंदी कन्नड सगळं एकाच रात्रीत. आतापर्यंत मित्राचा बेस वापरत होतो, तो आता नोकरीला पुण्याला चाललाय आणि बेस पण घेऊन चाललाय. बजेट तीस हजार, बॅग केबल तारा सगळं धरून.

डोक्यात तीन हाईत. स्क्वायर ॲफिनिटी जॅझ, यामाहा टीआरबीएक्स १७४ (हा पीजे, म्हणजे प्रिसिजन आणि जॅझ दोन्ही जातींचे पिकअप, तारांचा आवाज पकडणारी कॉइलं, असलेला) आणि इबानेझ जीएसआर २०५, म्हणजे पाच तारांचा. पाच तारांचा का, तर आमचा मेन गायक काळी एक नाहीतर काळी दोनमध्येच गातो. चार तारांवर सगळ्यात खाली ई, त्यामुळं काळी एकचा सा मला ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्यावा लागतो, तिथं कीबोर्डवाल्याचा डावा हात पण असतो आणि दोघांचं मिळून नुसती गिचमीड होते. दुसरं म्हणजे मांडवात घूंऽऽ असा आवाज येत राहतो, लाइटिंग सुरू झालं की जास्तच. ज्यांनी स्टेजवर वाजवलंय त्यांनी सांगा की, यूट्यूबवर बघून बघून कंटाळा आलाय.

खानापूरकर
भावा पाच तारांच्या मागं लागू नको ह्या बजेटमध्ये. खालची बी तार म्हणजे जवळपास ३१ हर्ट्झ. तुझा काळी एकचा खालचा सा ३४.६ हर्ट्झला येणार. आपल्याकडं मांडवात जे बिन (बेसचे मोठे स्पीकर) लावतात त्यातले बहुतेक ४० च्या खाली काही देतच नाहीत, मग तू वाजवलेलं जाणार कुठं? शिवाय स्वस्तातल्या पाच तारांच्या बेसवर बी तार ढिली लागते, जोरात मारली की फ्रेटवर खडखडते आणि सूर सुरुवातीला वर जाऊन मग खाली येतो. सरळ चार तारांचा चांगला घे आणि ज्या गाण्याला पाहिजे त्याला ई तार एक सूर उतरवून डीला लाव. काळी दोनचा सा मग त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतोय.

आणि गिचमिडीचं औषध बेसमध्ये नाही, कीबोर्डवाल्यात हाय. त्याला सांग बेस वाजत असताना डावा हात मधल्या सप्तकाच्या खाली आणायचा नाही. एवढं एक ठरवलं तर तुझा आताचा बेस पण दुप्पट मोठा वाटेल.

निपाणीचा
कीबोर्डवाल्याचं १०० टक्के पटलं. पाच तारांचं मात्र पटत नाही.

३४ हर्ट्झ स्पीकरमधून आलं नाही म्हणून सूर गायब होत नाही हो. त्या तारेतून ६९ पण येतंय, १०४ पण येतंय, आणि कान त्यावरून खालचा सूर आपोआप धरतो. साध्या बॉक्सवर पण बी तारेचा सा आणि ए तारेचा सा ह्यातला फरक कळतो, पहिला जाड असतो. आणि खरा फायदा तर हाताचा हाय. ऑर्केस्ट्रात एक गाणं काळी एक, पुढचं बाईंचं काळी चार, मग कुणी पाहुणा येऊन पांढरी चार म्हणतो. पाच तारांवर पाचव्या फ्रेटच्या आसपास हात ठेवला की जवळजवळ सगळ्या पट्ट्या तिथल्या तिथंच मिळतात, पळापळ नाही. ई उतरवून लावायचं म्हणताय ते एका गाण्याला ठीक हाय, पण मेडली चालू असताना कोण खुंटी पिळत बसणार? आणि ई उतरवली की त्या तारेवरचे सगळे फ्रेट दोन घरं सरकतात, अंधारात चुकायला तेवढंच पुरतं.

ढिल्या तारेचं म्हणाल तर १३० ची जाड बी तार लावून बघा, बऱ्यापैकी सुधारते.

कॅम्पातला चर्चवाला
मी घूं आवाजावरच बोलतो, कारण त्यावर बरंच डोकं घातलंय. आधी हे बघ की आवाज येतोय कुठनं. बेसचा व्हॉल्यूम शून्य कर. तरी घूं चालूच असेल तर बेसचा काही संबंध नाही, केबल नाहीतर मिक्सर आणि ॲम्पच्या अर्थिंगचा लूप हाय. त्याला डीआय बॉक्स (बेस सरळ मिक्सरला जोडायची छोटी डबी) घ्यायचा आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबायचा. काही साउंडवाले प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात, ते कधीही करू देऊ नको, आपला हात सतत लोखंडी तारांवर असतो आणि मांडवात खाली ओल असते.

व्हॉल्यूम शून्यावर शांत झालं तर पिकअप. तू स्वतः बेस घेऊन जागेवर वळलास आणि आवाज कमीजास्त झाला म्हणजे नक्की सिंगल कॉइलचाच हम. जॅझमध्ये दोन सिंगल कॉइल असतात, बहुतेक जॅझमध्ये त्या एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की हम कटतो. एक जरा कमी केला की परत सुरू. म्हणजे मांडवात तुला जॅझचा एकच टोन वापरायला मिळणार. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा हाय, त्यात हे कटायचं काम आतल्या आतच होतं, नॉब कुठं पण ठेव.

टिळकवाडीचा बेसवाला
हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं, थँक्यू हो. मग यामाहाच्या १७४ मध्ये पी पण हाय आणि जे पण, त्याचं काय होतं?

कॅम्पातला चर्चवाला
पी एकटा ठेवलास तर शांत. जे मिसळलास की जेचा हम तेवढा येणार, त्याला जोडीदार नाही ना. पण तुझ्या कामाला पी एकटा पुरतो. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड ह्या गर्दीत पीचा मधला जाड आवाज टिकतो. जॅझचा टोन घरी एकट्यानं ऐकला की फार देखणा लागतो, दोन्ही पिकअप उघडे असले की मधला भाग थोडा खचतो आणि गर्दीत नेमका तोच भाग पाहिजे असतो. जुनी हिंदी गाणी जास्त असतील तर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत तारा लाव. अमेरिकेतला नावाजलेला बेसवाला जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही. महाग हाईत पण टिकतात.

जुना मेंबर, शहापूर
सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं वेगळं हाय, तीसच्या तीस हजार बेसमध्ये घालू नकोस. वीस-बावीसच्या आत बेस बसव आणि उरलेल्यात डीआय, चांगली केबल आणि सेटअप. आपल्याकडं पावसात हवा किती दमट असते तुला सांगायला नको, खानापूरकडं तर विचारूच नये, आणि जानेवारीत परत कोरडी. लाकडी मान त्याच्याबरोबर हलते. जूनमध्ये मऊ लागणारा बेस ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर बोटं सोलायला लागतो आणि लोक म्हणतात बेस खराब निघाला. खराब काही नसतं, ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला लोखंडी रॉड, पाव फेरा फिरवायचा असतो. पाव म्हणजे पावच, मग थांबायचं, सूर लावून परत बघायचं. किल्ली जोर लावूनही फिरत नसेल तर सोडून द्यायचं आणि कारागिराला दाखवायचं.

दुकानात बघायचं कसं ते पण सांगतो. कुठलीही एक तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघ. जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी पाहिजे. फटच नसेल किंवा बोट जाईल एवढी असेल तर रॉड फिरतो का ते त्यांच्यासमोरच बघ. मग जी तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर लांब धरून ऐक, तिथं बऱ्याच बेसवर एखादा सूर लवकर मरतो, आणि ते कुठल्याही सेटअपनं जात नाही. पट्टा लावून उभा राहा आणि हात सोड. मान खाली पडली तर तीन तासांच्या प्रोग्रामला तुझा डावा खांदा जातोय.

पाच का चार ह्यात मी निपाणीकराच्या बाजूचा, पण एका अटीवर. त्या जीएसआरची बी तार हातानं वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नको. एकाच मॉडेलचे दोन पीस शेजारी ठेवले तर एकाची बी तार घंटेसारखी वाजते आणि दुसऱ्याची पोत्यावर मारल्यासारखी, हे मी बघितलंय. ऑनलाइन मागवायचा असेल तर मात्र चार तारांचा १७४. आणि त्या इबानेझमध्ये बॅटरी हाय, वाजवून झालं की केबल काढून ठेवायची, केबल घातलेली असली की बॅटरी चालूच राहते. सोबत एक नवी नऊ व्होल्टची ठेवायचीच.

टिळकवाडीचा बेसवाला
काका, लई बारीक सांगितलंत. रविवारी कोल्हापूरला जाऊलालो, तिथं दोन दुकानांत फोन केलाय, एकाकडं २०५ हाय म्हणाले, १७४ दोन्हीकडं हाय. कीबोर्डवाल्याशी काल बोललो, तो आधी जरा फुगला, पण एक गाणं डावा हात वर ठेवून वाजवलं आणि गायकच म्हणाला असंच ठेवा. दुकानात ॲम्पवर ऐकू का मिक्सरवर?

जुना मेंबर, शहापूर
मिक्सर असला तर मिक्सरवर, ईक्यू सगळे मधे. दुकानातल्या ॲम्पवर बेस वाढवून ठेवलेला असतो, त्यावर कुठलाही बेस चांगला वाटतो. आणि आधी ॲम्पशिवाय, कान वरच्या शिंगाला लावून ऐक. स्वतःची केबल घेऊन जा.

निपाणीचा
जाताना निपाणीत थांब की, माझा पाच तारांचा हाय, अर्धा तास वाजवून बघ आणि मग पुढं जा.