कमी लाइकचे फोटो

कमी लाइक मिळालेले फोटो काढून टाकावेसे वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपया तसं करू नका. मोबाईलवर फोटो जेमतेम सेकंदभर दिसतो, तोही इवलासा. तेवढ्यात भडक सूर्यास्त नजरेत भरतो; तिरप्या उजेडात स्वेटर विणणारे हात, सुईच्या टोकावरची बारीक चमक तिथे हरवते. माझा असाच एक फोटो मोठा प्रिंट करून भिंतीवर लावला, तर येणारे-जाणारे त्याच्यापुढे थबकतात. १९७६ साली न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचे रंगीत फोटो लागले, तेव्हा अनेक समीक्षकांनी ते झोडपले होते. आज त्याच फोटोंचा अभ्यास होतो. ज्यांची नजर तुम्हाला पटते अशा दोघातिघांना फोटो मोठ्या पडद्यावर दाखवा आणि विचारा, डोळे आधी कुठे गेले?