रोजची दारू एकदम बंद केली तर चालते का?

प्रश्न: दादा रोज दोन क्वार्टर घेतो. सोमवारपासून पूर्ण बंद म्हणतोय. घरीच जमेल?

उत्तर १: एकदम तोडू नका. 6-8 तासांत हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. खरा धोका 48 ते 72 तासांत: भास, बरळणं, ताप. जीवही जातो. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड (हा त्रास शमवणारं औषध) देऊन डोस रोज थोडा उतरवतात. आधी फिट आली असेल तर सरळ ॲडमिट करा.

उत्तर २: अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू नका, आधी थायमिन, म्हणजे बी-1. नाहीतर मेंदूला इजा होते.

उत्तर ३: आणि हो, डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, आमटीत गुपचूप कालवू नका! वर दारू पोटात गेली की बीपी कोसळतं. सल्ल्यासाठी सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446.